पोस्टग्रेसची सेटिंग्ज बदलताय? या चुका टाळा

पोस्टग्रेस या डेटाबेसचा नवा सर्व्हर हातात आला की पहिल्याच तासात कुणाची तरी कॉन्फिग फाइल जशीच्या तशी चिकटवायची, ही सवय मला अजिबात पटत नाही. त्या फाइलमधले आकडे दुसऱ्याच्या मशीनसाठी, दुसऱ्याच्या क्वेरींसाठी ठरवलेले असतात.

सगळ्यात जास्त गोंधळ वर्क_मेमचा, म्हणजे क्वेरीतल्या एका कामाला किती मेमरी वापरता येईल ते ठरवणाऱ्या सेटिंगचा. डिफॉल्ट ४ एमबी. "एवढी रॅम पडून आहे आणि फक्त चार?" म्हणत लोक थेट २५६ करतात. पण हा आकडा अख्ख्या सर्व्हरचा नाही, एका कनेक्शनचाही नाही. क्वेरीतला प्रत्येक सॉर्ट (ओळी क्रमाने लावणं) तेवढी मेमरी घेऊ शकतो. हॅश (जोडणी किंवा गटवारीसाठी मेमरीत बनणारं टेबल) तर आवृत्ती १५ पासून त्याच्या दुप्पट.

मी हे भोगलंय. ३२ जीबीचा सर्व्हर, वर्क_मेम २५६ एमबी, मॅक्स_कनेक्शन्स (एका वेळी जास्तीत जास्त किती कनेक्शन्स) ५००. एरवी सुरळीत चालायचं. महिनाअखेरीला ऐंशीएक कनेक्शन्सवर एकदम रिपोर्ट सुरू झाले, प्रत्येकात दोन-दोन मोठे सॉर्ट. म्हणजे हिशेब ४० जीबीचा. मेमरी संपली की प्रोसेस मारणाऱ्या लिनक्सच्या ओओएम किलरने एक प्रोसेस मारली. शेअर्ड मेमरी बिघडली असेल या शक्यतेने पोस्टग्रेसने बाकीची सगळी कनेक्शन्सही तोडली आणि रिकव्हरी सुरू केली. सर्व्हर वर आला, ॲप्लिकेशनने तेच रिपोर्ट पुन्हा पाठवले, पुन्हा पडला. रात्रभर हेच.

तेव्हापासून ग्लोबल वर्क_मेम मी ८ ते १६ एमबीच्या वर नेत नाही. जड रिपोर्ट असेल तर त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये सेट लोकल ही कमांड वापरून वाढवतो. कनेक्शन्स कमी पडली तर मॅक्स_कनेक्शन्स न वाढवता मध्ये पीजीबाउन्सर (थोडीच कनेक्शन्स अनेकांत वाटून वापरणारा पूलर) बसवतो.

शेअर्ड_बफर्स (डेटाबेसची स्वतःची कॅश) मात्र १२८ एमबीवर सोडू नका. सर्व्हर फक्त डेटाबेससाठी असेल तर रॅमच्या २५ टक्क्यांपासून सुरुवात करा.

एफसिंक (बदल खरोखर डिस्कवर उतरवण्याची सेटिंग) कधीही बंद करू नका. वीज गेली तर डेटा कायमचा बिघडू शकतो. वेग हवाच असेल आणि शेवटचे काही व्यवहार गेले तरी चालणार असेल, तर सिंक्रोनस_कमिट (कमिट डिस्कवर जाईपर्यंत थांबणं) बंद करा. त्याने डेटा करप्ट होत नाही.

ऑटोव्हॅक्यूम (नको असलेल्या जुन्या ओळी आपोआप साफ करणारी प्रक्रिया) "जड पडतं" म्हणून बंद करणं तितकंच घातक. टेबलं फुगत जातात.

आणि फाइल बदलूनही फरक पडत नसेल, तर कुणीतरी आधी ऑल्टर सिस्टिम (सेटिंग बदलणारी कमांड) चालवलंय का बघा. त्याचे आकडे पोस्टग्रेसक्यूएल.ऑटो.कॉन्फमध्ये जातात आणि तुमच्या फाइलवर मात करतात. मी आधी पीजी_सेटिंग्ज या व्ह्यूमध्ये सोर्सफाइल (आकडा कुठल्या फाइलमधून आला) आणि पेंडिंग_रीस्टार्ट (रीस्टार्ट बाकी आहे का) हे दोन कॉलम पाहतो, मगच एक आकडा बदलतो. एका वेळी एकच, आणि शेजारी तारीख व कारण लिहून.