बाळ मृत जन्मल्यावर त्या घराला आधार कसा द्यावा : धम्माच्या वाटेने

जाण्याआधी. 'पूर्वजन्मीचं कर्म' हे शब्द मनातून काढून टाका. आईच्या कानावर ते पडले, तर ती आयुष्यभर स्वतःला दोषी मानत राहते. बुद्धांनी असं शिकवलेलंही नाही. संयुत्त निकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहातल्या सीवक सुत्तात ते वेदनेची आठ कारणं सांगतात. पित्त, कफ, वात, ऋतूतले बदल, आघात अशी ती आहेत आणि कर्मविपाक म्हणजे कर्माचं फळ हे त्यांतलं फक्त एक. माणूस जे काही भोगतो ते सगळं पूर्वकर्मामुळेच, हे मत त्यांनी सरळ नाकारलं आहे. अशा मृत्यूमागे वारेतला (प्लॅसेंटातला) बिघाड, संसर्ग किंवा आईचा वाढलेला रक्तदाब असू शकतो. पुष्कळदा तर कारण सापडतच नाही. घरातलं वडीलधारं माणूस कर्माचा विषय काढू लागलं, तर त्यांना बाजूला नेऊन हे शांतपणे सांगा.

भेटल्यावर. "फार वाईट झालं. मी आहे इथे." एवढं पुरे. बाळाचं नाव ठेवलं असेल तर ते नाव घ्या. 'अजून वय आहे, दुसरं होईल' असं म्हणू नका. तिला हे बाळ हवं होतं. 'सगळं अनित्य आहे' हेही आत्ता नको. किसा गोतमी मेलेलं मूल कडेवर घेऊन औषध मागत आली, तेव्हा बुद्धांनी तिला उपदेश केला नाही. ज्या घरात कधी कुणी मेलं नाही, तिथून मोहरी आणायला सांगितली. दारोदार फिरून जे कळायचं ते तिचं तिला कळलं. ही गोष्ट तिथे जाऊन सांगू नका. त्या गोष्टीतला बुद्धांचा धीर मात्र घ्या.

निरोप देताना. बाळाला पाहायचं आहे का, कुशीत घ्यायचं आहे का, फोटो किंवा पावलांचे ठसे हवेत का, हे आईवडिलांना विचारा. घाई करू नका. 'नाही' म्हणाले तरी तेही बरोबरच. त्यांची इच्छा असेल तर भन्तेंना (बौद्ध भिक्खूंना) बोलावून त्रिशरण, पंचशील आणि परित्राण पाठ (रक्षणासाठी म्हटली जाणारी सुत्तं) घेता येतो. बाळाच्या नावे दान देऊन पुण्यानुमोदन करता येतं, म्हणजे त्या दानाचं पुण्य बाळाला अर्पण करता येतं. जपानमध्ये अशा बाळांसाठी मुलांचा रक्षक मानल्या जाणाऱ्या जिझो बोधिसत्त्वापुढे खास पूजा होते, मूर्तींना लाल टोप्या घालतात. ज्याने श्वासही घेतला नाही, त्याच्यासाठीही धम्मात जागा आहे.

पहिले काही दिवस. दोन-चार दिवसांत आईला दूध येतं. याची कल्पना कुणी दिलेली नसते आणि तो क्षण फार जीवघेणा असतो. त्यावर काय करायचं, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. स्वयंपाक, कागदपत्रं, फोनना उत्तरं देणं अंगावर घ्या. पाळणा आणि कपडे मात्र न विचारता हलवू नका. बापालाही 'तू कसा आहेस?' असं विचारा. त्याच्याकडे लोक फक्त बायकोची चौकशी करतात.

ध्यानाला बसण्याचा आग्रह आईला करू नका. मैत्री भावना, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतण्याचं ध्यान, तुम्ही करा, दारात पाऊल ठेवण्याआधी.

नंतर. महिन्याभराने भेटायला येणारे थांबतात. तेव्हा तुम्ही जा. प्रसूतीची दिलेली तारीख आणि वर्षाचा दिवस लिहून ठेवा, त्या दिवशी फोन करा. झोप आणि जेवण कित्येक आठवडे सुटलेलं असेल, तर डॉक्टरांकडे न्या. जगण्यात अर्थ नाही असं ती किंवा तो बोलू लागला, तर एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.