ग्लॉक १७ साफ करायला उघडताना
ग्लॉक १७ या पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा मागे-पुढे सरकणारा भाग, सुटी करायची तर आधी ट्रिगर दाबावाच लागतो. बेरेटा ९२ या पिस्तुलाला ती भानगड नाही. म्हणून इथे क्रम चुकवून चालत नाही. आधी मॅगझिन (गोळ्या भरलेली पेटी) काढा, मगच स्लाइड मागे ओढा. उलटं केलंत तर चेंबरमधली, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी झाडायला तयार बसलेली, गोळी बाहेर उडते खरी, पण पुढे जाणारी स्लाइड मॅगझिनमधली दुसरी आत ढकलते आणि आपण पिस्तूल रिकामं समजून बसतो. स्लाइड मागे अडकवून चेंबरमध्ये नीट बघा, करंगळी घालून चाचपाही. एक्स्ट्रॅक्टर (चेंबरमधून गोळी ओढून काढणारा आकडा) तुटला असेल तर गोळी आतच राहते. गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा, नळी सुरक्षित दिशेला धरा आणि मगच ट्रिगर दाबा. तेल मात्र थेंबभरच, जास्त झालं की काजळी धरते.