घर आहे पण हातात पैसा नाही? रिव्हर्स मॉर्गेज घ्यायच्या आधी एवढं करा

आमचा मामा डोंबिवलीत राहतो, वय ७१, सगळी नोकरी प्रायव्हेट कंपनीत गेली त्यामुळे पेन्शन म्हणजे ईपीएसचे (पीएफबरोबरची पेन्शन योजना) महिन्याला दोन हजार तीनशे रुपये, आणि राहता फ्लॅट मात्र आजच्या भावाने ८० लाखाचा. मागच्या वर्षी मामीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, एफडी मोडली, आणि एक दिवस मामा मला म्हणाला, "अरे, भिंतींना ऐंशी लाख चिकटलेत आणि दूधवाल्याला द्यायला सुट्टे नाहीत." तेव्हापासून चारेक महिने आम्ही दोघं रिव्हर्स मॉर्गेजच्या मागे होतो. त्यात जे कळलं, आणि जिथे जिथे आपटलो, ते लिहितोय.

आधी थोडक्यात हे काय आहे ते. होम लोनमध्ये बँक एकदम पैसे देते आणि आपण हप्ते भरत बसतो, इथे गंगा उलटी, घर बँकेकडे गहाण आणि बँक तुम्हाला दर महिन्याला पैसे देते. घर तुमच्याच नावावर राहतं, तुम्ही तिथेच राहता, जिवंत असेपर्यंत एक रुपया परत करायचा नाही. दोघंही गेल्यावर (नवराबायको जोडीने घेतलं असेल तर) बँक घर विकून वसुली करते, वर उरलं तर वारसांना देते. तेव्हाचे अर्थमंत्री चिदंबरम यांनी २००७-०८ च्या बजेटमध्ये हे आणलं, नॅशनल हाउसिंग बँकेने नियम काढले, २००८ मध्ये सरकारने योजना नोटिफाय केली. एवढी वर्षं झाली तरी आपल्याकडे घेणारे फारच कमी, कारण घर म्हणजे पोरांचं हे डोक्यात पक्कं बसलेलं.

तर पहिलं काम, आपण बसतो का बघा. वय ६० पूर्ण पाहिजे, जोडीने घेत असाल तर एकाचं ६० आणि दुसऱ्याचं निदान ५५. घर स्वतः कमावलेलं आणि स्वतःच्या नावावरचं पाहिजे, वडिलोपार्जित चालत नाही, आणि तुम्ही स्वतः तिथे राहत पाहिजे. दादर-गिरगावातल्या पगडीच्या खोल्या बाद, कारण ती मालकीच नाही. सिडकोच्या लीजवरचं किंवा म्हाडाचं घर असेल तर परवानग्यांचा वेगळा व्याप असतो, ते आधी विचारून घ्या. इमारतीचं उरलेलं आयुष्य निदान २० वर्षं पाहिजे, आणि जुन्या बिल्डिंगवाले इथेच अडकतात. मामाची बिल्डिंग १९९४ ची, स्ट्रक्चरल ऑडिट (इमारत किती मजबूत आहे याची तपासणी) झालेलं होतं म्हणून बरं, नाहीतर सोसायटीच्या मीटिंगमध्ये ऑडिटच्या खर्चावरून काय होतं ते सगळ्यांना माहितीये.

दुसरं काम बँकेत जायच्या आधी करा, पोरांना बसवून सांगा. लपवून केलं तर पुढे तेराव्याच्या आत भांडण होणार. मामाचा मुलगा बंगलोरला, मुलगी नाशिकला, दोघांना व्हिडिओ कॉलवर घेतलं. मुलाचा पहिला प्रश्न, "म्हणजे घर बँक घेणार?" तर नाही, वारसांना पहिला हक्क असतो, कर्ज अधिक व्याज फेडायचं आणि घर सोडवून घ्यायचं. त्यासाठी बँक किती महिने देते ते मात्र लेखी विचारून ठेवा, ही मुदत थोडकी असते. आणि घराला कर्जापेक्षा कमी किंमत आली तर? तर बँक उरलेल्यासाठी पोरांच्या किंवा तुमच्या दुसऱ्या मालमत्तेच्या मागे लागू शकत नाही, तुम्ही अटी पाळलेल्या असल्या म्हणजे झालं. हे ऐकल्यावर मुलगा जरा शांत झाला.

आता बँक. आम्ही जवळच्या शाखेत गेलो तर काउंटरवरच्या मुलाने होम लोनचा फॉर्म दिला आणि मामाकडे तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप मागितल्या. ७१ वर्षांच्या माणसाकडे! दुसऱ्या ठिकाणी एका मॅडमनी "हो हो आहे ना" म्हणत लोन अगेन्स्ट प्रॉपर्टी गळ्यात मारायचा प्रयत्न केला. इथे सावध राहा, ते पूर्ण वेगळं प्रकरण आहे, त्यात पुढच्या महिन्यापासून ईएमआय चालू होतो. सरळ विचारायचं, "मला दर महिन्याला काही भरावं लागणार का?" उत्तर हो आलं तर उठायचं. स्टेट बँक, पीएनबी वगैरे सरकारी बँकांकडे ही स्कीम असते (पीएनबीने तर तिचं नावच बागबान ठेवलंय), पण छोट्या शाखेत ती कोणी हाताळलेली नसते, म्हणून शहरातलं मोठं लोन सेंटर गाठा.

आता मुख्य गोष्ट, हिशोब. बँक घराच्या पूर्ण किमतीवर देत नाही, ठराविक टक्केच धरते, वय जास्त तर टक्केवारी जास्त. आणि ते पैसे तुमच्या हातात येणारे नसतात, ती व्याजासकट मर्यादा असते! हे आम्हाला दोन बँका फिरल्यावर कळलं. मामाचं उदाहरण घ्या, ८० लाखाचं घर, ६० टक्के धरले तर ४८ लाख. मामाने लगेच मनातल्या मनात ४८ लाख भागिले १८० महिने केलं, २६ हजार की, छान. नाही. व्याज १० टक्के आणि मुदत १५ वर्षं धरली तर महिन्याला येतात साधारण ११,५८०. पंधरा वर्षांत हातात पडतात २१ लाखाला थोडे कमी, आणि बाकीचे सत्तावीस लाख व्याज, कारण ते चक्रवाढ असतं आणि कोणी मधे भरत नाही. मुदत १० वर्षं केली तर महिना २३,४३० च्या आसपास. बँकेकडून हा तक्ता छापून घ्या, वर्षवार, आणि घरी फ्रिजवर लावा.

बँक देते त्या महिन्याच्या हप्त्यावर ५० हजारांची मर्यादा आहे, डोंबिवलीत तिचा प्रश्न येत नाही, पार्ल्यातल्या महागड्या घरांना येईल. एकरकमी पैसे उपचारासाठी मिळू शकतात, एकूण पात्र रकमेच्या निम्म्यापर्यंत आणि जास्तीत जास्त १५ लाख, पण तेवढे उचलले की मासिक हप्ता आपटतो. धंद्यात किंवा शेअरमध्ये घालायला हे पैसे चालत नाहीत. टॅक्सचं मात्र टेन्शन नाही, हे कर्ज आहे, उत्पन्न नाही, १९६१ च्या आयकर कायद्यात कलम १०(४३) त्यासाठीच घातलेलं. पुढे घर विकलं जातं तेव्हा कॅपिटल गेनचा, म्हणजे विक्रीतल्या नफ्यावरच्या टॅक्सचा, प्रश्न येतो, ते सीएला विचारा.

आणि आता ते, ज्याच्यासाठी खरं तर हे लिहायला बसलो. मुदत संपली की हप्ता बंद होतो. राहायला मिळतं, घराबाहेर कोणी काढत नाही, पण पैसे येणं थांबतं आणि व्याज चढत राहतं. मामी ६६ ची आहे, १५ वर्षं म्हणजे ती ८१ ची झाली की हप्ता बंद, आणि मामीची आई ९४ पर्यंत होती, शेवटपर्यंत स्वतः ताक घुसळायची. म्हणजे औषधाचा आणि आयाबाईचा खर्च जेव्हा सगळ्यात जास्त तेव्हाच हातात शून्य. म्हणून माझं स्पष्ट मत, साठाव्या वर्षी रिव्हर्स मॉर्गेज घेणं म्हणजे घोडचूक. सत्तरीच्या पुढे, दोघांतल्या लहान असणाऱ्याचं वय बघून ठरवा. आयुष्यभर ॲन्युइटी (विमा कंपनीकडून ठराविक मुदतीने येणारी रक्कम) देणारा प्रकारही आहे, २००९ मध्ये सेंट्रल बँक आणि स्टार युनियन दाय-इची लाइफ यांनी आणला होता, तसं काही आज मिळतंय का हे प्रत्येक बँकेत विचारा.

दुसरा पर्यायही कागदावर मांडून बघा. ८० लाखाचं विकून बदलापूरला ४५ लाखाचं घेतलं आणि ३० लाख सरकारच्या सीनियर सिटिझन सेव्हिंग स्कीममध्ये टाकले तर सध्याच्या ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ६१,५०० व्याज येतं, म्हणजे महिना २०,५००, आणि मुद्दल शाबूत. व्याजावर टॅक्स लागतो, विकण्यावर कॅपिटल गेन लागू शकतो, तरी आकडा १५ वर्षांच्या रिव्हर्स मॉर्गेजच्या पुढे आहे. पण मामी म्हणाली, "तीस वर्षांपासूनची शेजारीण सोडून मी बदलापूरला कोणाशी बोलू?" याला एक्सेलमध्ये कॉलम नाही.

करायचं ठरलंच तर कागद: मूळ करारनामा, इंडेक्स टू (रजिस्ट्रेशनच्या नोंदीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, सोसायटीची एनओसी, टॅक्सच्या पावत्या, स्वतंत्र बंगला असेल तर सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड आणि एनए (बिगरशेती) ऑर्डर. वकील मागच्या मालकांचा टायटल सर्च काढतो, व्हॅल्युअर येऊन मापं घेतो, दोघांची फी तुमच्या खिशातून. काही बँका रजिस्टर्ड मृत्युपत्रही मागतात, नाही मागितलं तरी करून ठेवा, नुसत्या नॉमिनेशनने वारसाहक्क ठरत नाही. सही केल्यावर तीन दिवसांत माघार घेता येते, हे बहुतेक वेळा कोणी सांगत नाही. आणि दर पाच वर्षांनी तरी घराची किंमत पुन्हा काढायची असते, तेव्हा हप्ता वाढवून मागा, गप्प बसू नका.

करारातली ही कलमं भिंग घेऊन वाचा. सलग एक वर्ष घरात राहिला नाहीत तर बँक कर्ज मागू शकते. मुलाकडे अमेरिकेला सहा महिने गेलात तर चालतं, पण सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली आणि तीन वर्षं भाड्याच्या घरात काढायची वेळ आली तर? हे बँकेला आधीच लेखी विचारा, मुंबई-पुण्यात हा प्रश्न आज ना उद्या येणारच. एक खोली पेइंग गेस्टला दिली तरी अट मोडू शकते, पुण्यात सदाशिव पेठेत वगैरे हे सर्रास करतात म्हणून सांगतोय. मालमत्ता कर, विमा, मेंटेनन्स थकवलं तरी तेच. मधेच पैसे आले आणि कर्ज फेडून टाकायचं असेल तर दंड नाही.

आमचं काय झालं? मामाने आत्ता घेतलं नाही. मामी सत्तरची होईपर्यंत थांबायचं, तोपर्यंत दोन्ही पोरं महिन्याला पाच-पाच हजार टाकणार, ही कल्पना मुलीची, मुलाने दोन दिवस घेतले पण हो म्हणाला. कागद मात्र आत्ताच तयार करून ठेवतोय, कारण शेअर सर्टिफिकेटवर मामाचं आडनाव चुकलेलं निघालं आणि ते इतक्या वर्षांत कोणी बघितलंच नव्हतं. दुरुस्तीचा अर्ज दिलाय, सेक्रेटरी गावाला गेलाय, गणपती झाल्यावर येतो म्हणाला.