कमी युरियावर येणारा भात: जीनच्या कामाला हात घालण्याआधी

युरियाची गोणी 45 किलोची, त्यात नत्र जेमतेम 20-21 किलो, आणि त्यातलंही निम्म्याहून जास्त भाताला मिळतच नाही, हवेत उडतं नाहीतर पाण्याबरोबर ओढ्याला जातं. मावळात खाचरात उभं राहून हे बघितलंय म्हणून कमी नत्रावर नीट येणारा भात जीन बदलून तयार करण्याचं हे काम मला मनापासून महत्त्वाचं वाटतं. पुण्यात बायोटेकला एमएस्सी करणारी पोरं विचारतात, कुठला जीन घेऊ? आधी आपल्या वाणात काय आहे ते बघा ना. नायट्रेट (मातीतल्या नत्राचं एक रूप) आत ओढणारा एनआरटी१.१बी जीन इंडिका आणि जॅपोनिका या भाताच्या दोन मुख्य गटांत एका अमिनो आम्लाच्या फरकाने वेगळा निघाला (2015), इंडिकावाला जास्त नायट्रेट घेतो. तर इंद्रायणीवर काम करणार असाल तर पानाचा डीएनए काढून तेवढा तुकडा सीक्वेन्सिंगला (डीएनएची अक्षरं वाचायला) पाठवा, चांगला प्रकार आधीच असला तर मेहनत वाया. दुसरा पर्याय बार्लीचा अ‍ॅलानिन अमिनोट्रान्सफरेज (अमिनो आम्लं बनवण्यात भाग घेणारं एन्झाइम) जीन, मुळांत चालणाऱ्या प्रोमोटरखाली, म्हणजे जीन कुठे चालू व्हावा हे ठरवणाऱ्या डीएनएच्या तुकड्याखाली, हे कॅनडात भातावर करून झालंय.

संस्थेच्या बायोसेफ्टी कमिटीची परवानगी सगळ्यात आधी, मग बाकीचं.

सोललेल्या दाण्यांवर कॅलस (ज्यातून पुढे रोप येतं तो पेशींचा गोळा) करा, माध्यमात लिटरला 2 मिलिग्रॅम टू-फोर-डी (कॅलस वाढवणारं संप्रेरक). पिवळसर, घट्ट, कोरडे दाणेदार तुकडेच निवडा, चिकट पाणचट असतील ते टाकून द्या, त्यांच्यातून रोप येत नाही. मग अ‍ॅग्रोबॅक्टेरियम (पेशीत जीन नेऊन सोडणारा जिवाणू), हायग्रोमायसिन या अँटिबायोटिकवर निवड म्हणजे जीन न घेतलेल्या पेशी मरतात, मग रोपं.

खरं काम पुढे आहे आणि तिथेच सगळे घाई करतात. चाचणीच्या कुंडीत शेतातली माती घालू नका, तिच्यात स्वतःचं नत्र असतं आणि मग तुमची 'कमी नत्र'वाली कुंडी कमी नत्राची राहतच नाही. वाळू स्वच्छ धुवून घ्या, योशिदा द्रावण (भातासाठीचं अन्नद्रव्यांचं पाणी) द्या, पूर्ण नत्राच्या कुंडीला 40 पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) नत्र, कमी नत्राच्या कुंडीला 10. तुलनेला नुसतं मूळ वाण पुरत नाही, त्याच टिश्यू कल्चरमधून आलेलं पण जीन गळून गेलेलं भावंडरोपही हवंच, कारण कल्चरमुळेसुद्धा झाड बदलतं. पान हिरवंगार दिसलं की खूश होऊ नका, दाणे वाळवून वजन करा, दाण्याचं आणि पेंढ्याचं नत्र केल्डाल या नत्र मोजायच्या पद्धतीने काढा, बरेचदा नत्र पेंढ्यातच अडकून बसलेलं असतं. आणि कुंड्यांच्या जागा दर आठवड्याला बदला, खिडकीकडच्या ओळीला ऊन जास्त मिळतं, फुटवेही जास्त येतात, जीन असो वा नसो.