हर्शीच्या आरव्ही शोला जाताय? आधी घरचा कुकर मोजा

पेनसिल्व्हेनियात हर्शीला सप्टेंबरच्या मध्यात मोठ्ठा आरव्ही शो भरतो, बुधवार ते रविवार. आरव्ही म्हणजे आत पलंग, शेगडी, बाथरूम असलेलं फिरतं घर: एकतर स्वतःच्या इंजिनवर चालणारं मोटरहोम, नाहीतर आपल्या गाडीने ओढून न्यायचा ट्रेलर. न्यू जर्सीत एडिसनच्या बाजूला राहणाऱ्या आपल्या लोकांना गाडीने साधारण अडीच तास. आम्ही तीनदा जाऊन आलोय. पहिल्या वर्षी दिवसभर नुसतं चढ-उतर केलं, साठेक गाड्या बघितल्या असतील, आणि घरी आल्यावर कुठल्या गाडीत काय होतं हे दोघांनाही सांगता येईना. म्हणून माझं म्हणणं एवढंच की साठ बघू नका, पाच-सहा बघा पण त्यात थोडा वेळ राहून बघा.

जमलं तर एक सुट्टी टाका आणि बुधवारी किंवा गुरुवारी जा. शनिवारी जास्त खपणाऱ्या मॉडेल्सच्या दाराशी रांग असते, मागे लोक ताटकळत असले की आपण पलंगावर आडवं व्हायला संकोचतो आणि तेच तर करायला आलेलो असतो. शो जायंट सेंटरला असतो, म्हणजे हर्शीपार्कच्या शेजारचं आइस हॉकीचं स्टेडियम, पण हजारावर गाड्या बाहेर पार्किंगच्या डांबरावर लावलेल्या असतात. त्यामुळे टोपी, पाणी, आणि पटकन काढता-घालता येणारे बूट, कारण महागड्या डिझेलवाल्या मोटरहोममध्ये कधीकधी बूट काढायला लावतात.

निघायच्या आदल्या रात्री तीन आकडे लिहून ठेवा.

पहिला, आपली गाडी किती ओढू शकते. आपल्याकडे बहुतेकांच्या दारात ओडिसी नाहीतर सिएना मिनीव्हॅन असते, त्यांची हद्द ३,५०० पाउंड, पेट्रोलवाली हायलँडर एसयूव्ही असेल तर ५,००० पर्यंत. शोमध्ये ४,२०० पाउंडाचा ट्रेलर दाखवून "हायलँडर आरामात ओढेल" असं सांगतात, पण ते रिकाम्या ट्रेलरचं वजन असतं. पाणी, भांडी, गाद्या, खुर्च्या भरल्या की ५,००० कधी होतात कळत नाही. पाणीच बघा ना, एक गॅलन ८.३ पाउंड, म्हणजे ४० गॅलनची टाकी भरली की ३३० पाउंड. शिवाय ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हुकवरून आपल्या गाडीवर येतो आणि तो आतल्या माणसांच्या आणि सामानाच्या वजनात मिळवायचा असतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पेलोडचं, म्हणजे गाडी एकूण किती भार पेलते त्याचं, स्टिकर असतं, त्याचा फोटो काढून न्या.

दुसरा आकडा, प्रवासात किती जण असणार. आई-बाबा भारतातून आले की आम्ही सहा होतो. बोर्डावर "आठ जण झोपू शकतात" लिहिलेलं असतं, पण मोटरहोम घेणार असाल तर सीटबेल्ट मोजा, ते आठ नसतात. आणि ओढून न्यायच्या ट्रेलरमध्ये चालत्या गाडीत माणसं बसवायची नाहीत हे धरूनच चला. बाबांचे गुडघे दुखतात, म्हणून मी प्रत्येक ठिकाणी आधी पायऱ्या बघते, दाराशी धरायला कठडा आहे का आणि खालचा पलंग किती उंच आहे ते बघते.

तिसरा म्हणजे कुकरची उंची, शिट्टीसकट. हे मी अगदी मनापासून सांगतेय! शेगडीच्या वर बऱ्याचदा मायक्रोवेव्ह असतो आणि मधली फट इतकी कमी की कुकर बसत नाही, बसला तर झाकण काढता येत नाही. बर्नर तीन असले तरी एकमेकांना चिकटून, कढई आणि कुकर एका वेळी मावत नाहीत. टेप काढून मोजा, लाजू नका. पोळ्यांचा तवा सिंकमध्ये आडवा राहतो का बघा. आणि चिमणीचा पंखा वास बाहेर टाकतो की फिल्टरमधून परत आतच सोडतो हे विचारा, किंवा बाहेर जाऊन भिंतीवर झडप आहे का बघा. मोहरी-हिंगाची फोडणी दिल्यावर त्याच खोलीत झोपायचं असतं.

आता शोमधल्या गाडीत चढायच्या आधी तिच्या दाराजवळचं पिवळं स्टिकर वाचा. किती वजन भरता येईल ते त्यावर असतं, मोटरहोममध्ये त्यात माणसंही धरलेली असतात. आकडा फारच कमी असेल तर आत जाऊच नका, आत गेलं की सजावट आवडते आणि मग आकडा विसरायला होतो. फोटो काढताना पहिला फोटो मॉडेलच्या नावाच्या पाटीचा, दुसरा स्टिकरचा, मग आतले, नाहीतर रात्री सगळी बाथरूम सारखीच दिसतात.

आत गेल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबा. शॉवरमध्ये उभं राहा आणि डोक्याला साबण लावल्यासारखे हात वर करा. टॉयलेटवर दार लावून बसा. दोघांनी पलंगावर पडा आणि भिंतीकडच्याने दुसऱ्याला न उठवता खाली उतरून बघा. सेल्सवाल्याला स्लाइड, म्हणजे बाहेर सरकणारा भिंतीचा भाग, आत घ्यायला सांगा. शोमध्ये भिंती बाहेर सरकवलेल्याच असतात म्हणून सगळं ऐसपैस वाटतं, पण वाटेत थांबून फ्रिज उघडायचा किंवा बाथरूमला जायचं तर स्लाइड आत असताना जागा उरते का? काही मॉडेल्समध्ये नाही उरत.

लांबीचा विचारही इथेच करा. उदाहरणार्थ, मोंटानातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कमधल्या गोइंग-टू-द-सन रोडच्या मधल्या टप्प्यात २१ फुटांपेक्षा लांब गाडी नेता येत नाही.

पैशाचं. "महिन्याला किती जमेल?" असं विचारतील, त्याचं उत्तर देऊ नका, ही कर्जं पंधरा-वीस वर्षांची असतात त्यामुळे महिन्याचा हप्ता छोटाच दिसतो. टॅक्स, वाहतूक, तयारीचा खर्च सगळं धरून एकूण किती ते कागदावर मागा. दुरुस्ती कोण करणार आणि ते वर्कशॉप घरापासून किती लांब हेही विचारा. डिपॉझिट भरायचंच असेल तर परत मिळेल हे लिहून घ्या. आम्ही दुसऱ्या वर्षी एका डीलरकडे तोंडी शब्दावर भरलं आणि परत मिळवायला सहा आठवडे फोन करत होतो, मला त्या दिवसांचा अजून राग येतो.

दुपारी जेवून घ्या, मग मनात भरलेल्या दोनच गाड्यांकडे परत जा, मुलं दमलेली असतानाच. त्यांना आत बसवा आणि बघा, बाहेर पाऊस आहे, सहा जण आत आहेत, तर कोण कुठे बसतंय.