चालण्याच्या जोडीला ताकद: चाळिशीनंतर घरच्या घरी करायचा व्यायाम

सकाळी टेकडीवर, मैदानावर किंवा सोसायटीच्या आवारात नेमाने चालणाऱ्यांची संख्या शहरांत आणि तालुक्याच्या गावांतही वाढली आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र ‘रोज पाऊण तास चालतो, एवढा व्यायाम पुरे’ हा समज चाळिशी ओलांडलेल्या माणसाने सोडून द्यावा. चालण्याने हृदय आणि फुप्फुसे कामाला लागतात. पण मांड्या, नितंब, पाठ, खांदे आणि दंड यांतील स्नायूंना ताकद टिकवण्यासाठी जेवढा भार लागतो, तेवढा सपाट रस्त्यावरच्या चालण्यात मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या शिफारशींमध्ये प्रौढांसाठी दोन गोष्टी सांगितल्या आहेत: आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि त्याशिवाय किमान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. यांपैकी पहिली आता बहुतेकांना ठाऊक झाली आहे. दुसरी कशी पाळावी, तीही व्यायामशाळेची वर्गणी न भरता, हे येथे सांगायचे आहे.

तिशीनंतर काहीच केले नाही, तर दर दहा वर्षांत स्नायूंचे वस्तुमान साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटते आणि साठीनंतर ही घट आणखी वेगाने होते. वजनाच्या काट्यावर ती दिसत नाही, कारण गेलेल्या स्नायूची जागा चरबी घेते आणि आकडा तोच राहतो. आपल्या लोकांना तर हा धोका अधिकच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘द लॅन्सेट’मध्ये आपल्या दोघांची मोजमापे शेजारी शेजारी मांडली होती. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या प्रमाणात वजन दाखवणारा आकडा, २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते, हे इतक्या थोडक्यात क्वचितच कोणी दाखवले असेल. म्हणून काट्याइतकेच महत्त्व मोजपट्टीला द्यावे: कमरेचा घेर पुरुषांमध्ये ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांमध्ये ८० सेंटिमीटरच्या आत असावा. जेवणानंतर रक्तात आलेली बरीचशी साखर स्नायूच उचलतात, तेव्हा स्नायू राखणे हा मधुमेह लांब ठेवण्याचाही एक मार्ग आहे.

सुरुवात करण्यापूर्वी आपण कुठे आहोत ते पाहावे. हात नसलेली, न सरकणारी एक साधी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी, तिच्यावर बसावे, दोन्ही हात छातीवर आडवे धरावेत आणि हातांचा आधार न घेता ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून परत बसता येते ते मोजावे. साठ ते चौसष्ट या वयात पुरुषांना १४ पेक्षा आणि स्त्रियांना १२ पेक्षा कमी वेळा जमले, तर ते सरासरीहून कमी समजतात. तुम्ही पंचेचाळीस-पन्नाशीचे असाल आणि तेवढेही होत नसेल, तर पुढचे काम लांबणीवर टाकू नये. मिळालेला आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवावा आणि दीड-दोन महिन्यांनी पुन्हा मोजावे.

पहिला आणि सर्वांत मोलाचा व्यायाम बैठकांचा. तालमीतले पैलवान टाचा उचलून, वेगाने, शेकड्यांनी बैठका मारतात; ती पद्धत नवशिक्याने उचलू नये. खुर्चीसमोर उभे राहावे, पावले खांद्याइतकी दूर ठेवावीत, टाचा जमिनीवर घट्ट असाव्यात आणि नितंब मागे नेत सावकाश, मनात तीन अंक मोजत खाली जावे. खुर्चीला जेमतेम स्पर्श होताच पुन्हा वर यावे. गुडघे आत वळू देऊ नयेत. ते पावलाच्या बोटांच्या दिशेने राहावेत. सुरुवातीला खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवली तरी चालते आणि ताकद येत जाईल तशी उशी काढावी, मग खुर्चीऐवजी बुटके स्टूल घ्यावे. घरात जेवणाचे टेबल आणि कमोड आल्यापासून मांडी घालून किंवा उकिडवे बसण्याचे प्रसंगच उरलेले नाहीत, त्यामुळे घोटे आणि खुबे आखडतात. गुडघे धड असतील तर दिवसातून एकदा तरी जमिनीवर बसावे आणि कमीत कमी आधाराने उठावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. म्हातारपणी दुसऱ्याच्या हाताविना जमिनीवरून उठता येणे ही फार मोठी मोकळीक आहे.

दुसरा व्यायाम जोर. जमिनीवरचे जोर पहिल्याच दिवशी येणार नाहीत आणि येण्याची गरजही नाही. भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहून, तळवे छातीच्या उंचीवर टेकवून, कोपरे वाकवत छाती भिंतीजवळ न्यावी आणि ढकलून परत यावे. हे सलग पंधरा वेळा सहज होऊ लागले की भिंतीऐवजी स्वयंपाकघराचा ओटा घ्यावा, त्यानंतर पक्का ठेवलेला बाक किंवा जिन्याची पायरी, आणि शेवटी जमीन. जितके खाली वाकाल तितका भार वाढतो. डोक्यापासून टाचेपर्यंत शरीर सरळ रेषेत राहावे, कंबर खाली लोंबू देऊ नये.

येथे सूर्यनमस्कारांविषयी सांगणे आवश्यक आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या प्रयत्नांमुळे तो व्यायाम महाराष्ट्राच्या घराघरांत आणि शाळाशाळांत पोहोचला. त्यात लवचिकपणा, दम आणि हातांनी ढकलण्याची ताकद या तिन्हींना वाव आहे. जे नियमाने घालतात त्यांनी ते मुळीच सोडू नयेत. परंतु त्यात ओढण्याची क्रिया नाही, आणि दिवसभर पडद्यासमोर पुढे झुकून बसणाऱ्यांची पाठ नेमकी तिथेच कमकुवत राहते. म्हणून तिसरा व्यायाम ओढण्याचा. एका पाठपिशवीत पुस्तके किंवा पाण्याने भरलेल्या लिटरच्या बाटल्या ठेवाव्यात. एक बाटली म्हणजे साधारण एक किलो, त्यामुळे वजन मोजणे सोपे जाते. डावा हात खुर्चीच्या बैठकीवर टेकवून कमरेतून पुढे वाकावे, पाठ सपाट ठेवावी आणि उजव्या हाताने पिशवी कमरेपर्यंत ओढून सावकाश खाली न्यावी. मग हात बदलावा. स्त्रियांनी तीन किलोपासून आणि पुरुषांनी पाच किलोपासून सुरुवात करून पाहावी आणि त्यापुढे स्वतःच्या अंदाजाने वाढवावे.

याच्या जोडीला दोन छोटे प्रकार पुरतात. पाठीवर झोपून, गुडघे दुमडून, नितंब उचलून पूल करावा आणि वर तीन-चार सेकंद थांबावे. कंबरदुखीची तक्रार असणाऱ्या बहुतेकांना हा सोसतो. दुसरा म्हणजे दोन्ही हातांत सारख्या वजनाच्या पिशव्या घेऊन खांदे मागे ठेवून घरातल्या घरात किंवा गच्चीवर अर्धा-एक मिनिट चालणे. याने हातांची पकड, पोट आणि पाठ या सर्वांना काम मिळते, आणि मंडईतून भाजी आणताना हा व्यायाम आपोआप होतो. मात्र सगळे ओझे एकाच हातात धरू नये. साठीपुढच्या लोकांनी ओट्याजवळ, आधार हाताशी ठेवून, एका पायावर दहा सेकंद उभे राहण्याचा सराव रोज करावा. या वयात पडून खुब्याचे हाड मोडणे हा अनेकांचे स्वावलंबन कायमचे हिरावून घेणारा प्रसंग ठरतो, आणि तोल हा सरावाने सुधारतो.

किती करावे, याचे उत्तर आकड्यांपेक्षा श्रमावर ठरवणे बरे. प्रत्येक प्रकार ८ ते १२ वेळा करावा आणि त्यातल्या शेवटच्या दोन-तीन वेळा खरोखर कष्टाच्या वाटाव्यात. बाराव्या वेळेलाही काही जाणवत नसेल, तर भार कमी आहे असे समजावे. मिनिट-दीड मिनिट थांबून हीच फेरी पुन्हा करावी, महिन्याभराने तिसरी फेरी जोडावी. आठवड्यातून दोन दिवस पुरेत, तीन असल्यास उत्तम. परंतु लागोपाठ दोन दिवस करू नयेत, कारण स्नायू विश्रांतीच्या काळात सावरतो. सगळे मिळून अर्धा तास लागतो. पहिल्या सहा-आठ आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू आणि नसा यांना सवय झाल्यामुळे. दंड फुगले नाहीत म्हणून निराश होण्याचे कारण नाही. पहिल्या एक-दोन वेळांनंतर मांड्या दुखतील, ते दुखणे दुसऱ्या दिवशी वाढून तीन दिवसांत ओसरते.

सांध्यातली तीक्ष्ण कळ मात्र वेगळी असते, ती आली की तो प्रकार तिथेच थांबवावा. गुडघ्यांची झीज असलेल्यांना ‘आता बैठका बंद’ असे शेजारपाजारचे लोक सांगतात. वास्तविक मांडीचे स्नायू बळकट करणे हा त्या दुखण्यावरील उपचारांचाच भाग आहे. त्यांनी उंच खुर्चीवरून थोडेच खाली जावे आणि किंचित दुखले तरी ते चोवीस तासांत पूर्ववत होते की नाही, हे पाहून पुढचे प्रमाण ठरवावे. श्वास कोंडून जोर लावू नये, त्याने रक्तदाब एकदम चढतो. उठताना किंवा ढकलताना श्वास सोडावा. हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, अलीकडची शस्त्रक्रिया किंवा चालताना छातीत दाटून येणे यांपैकी काही असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामानंतर उतरू शकते, म्हणून त्यांनी उपाशीपोटी करू नये आणि साखर किंवा ग्लुकोज जवळ ठेवावे.

आहाराबद्दल एवढेच सांगावेसे वाटते की आपल्या ताटात प्रथिने कमी पडतात, आणि न्याहारीत तर फारच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने निरोगी प्रौढासाठी दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने सांगितली आहेत; म्हणजे साठ किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. तीस ग्रॅम कोरड्या डाळीतून साडेसहा ग्रॅमच्या आसपास, एका अंड्यातून सहा, मोठ्या पेलाभर दुधातून सहा-सात आणि मूठभर शेंगदाण्यांतून सातेक ग्रॅम मिळतात. पातळ वरणाच्या एका वाटीत डाळ किती असते, याचा विचार केला म्हणजे हिशेब कळतो. पोहे किंवा उपमा सोडण्याची गरज नाही. सोबत उकडलेले अंडे, मोड आलेली मटकी किंवा दही घ्यावे. आमटी घट्ट करावी, उसळ आठवड्यातून चार दिवस असावी, मासे खाणाऱ्यांनी बांगडा तळण्याऐवजी कालवणात घालावा. डब्यातल्या महागड्या पावडरींची सर्वसाधारण माणसाला आवश्यकता नाही. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र प्रथिने स्वतःच्या मनाने वाढवू नयेत.

चालणे अर्थातच चालू ठेवावे, पण रमतगमत नव्हे. बोलता येईल परंतु गाणे म्हणता येणार नाही, अशा वेगाला मध्यम श्रम म्हणतात. सकाळी वेळ मिळत नसेल तर दोन्ही जेवणांनंतर दहा-पंधरा मिनिटांची शतपावली करावी. काम करणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही साखर उचलतो, त्यामुळे जेवणानंतरचा चढ सौम्य होतो. पावसाळ्यात रस्ते निसरडे असतील तेव्हा इमारतीचा जिना वापरावा, आणि कठडा हाताशी ठेवून उतरावे.

लग्नसराई, गणपती, दिवाळी, आजारपण यांत खंड पडतोच. आठवड्याचा खंड पडल्यास पूर्वीच्याच प्रमाणावर परत यावे. तीन-चार आठवडे गेले असतील, तर फेऱ्या आणि भार निम्म्यावर आणून दोन आठवड्यांत पूर्वपदावर जावे. तापातून उठल्यावर निदान थकवा जाईपर्यंत केवळ चालावे. डेंग्यू किंवा चिकनगुनियानंतर सांधे दुखत असतील, तर बैठका उंच खुर्चीवरून आणि जोर भिंतीवरून, म्हणजे अगदी पहिल्या दिवसासारखे सुरू करावेत.