पिरान्हा की रूपचंद? आधी तोंड उघडून बघा

मागच्या श्रावणात शेजारचा पोरगा सांगलीजवळच्या हरिपूरच्या कृष्णा-वारणा संगमावरनं पळतच आला. बादलीत तळहाताएवढा चपटा मासा, पोट तांबडं. "काका, पिरान्हा घावलाय!" मागोमाग निम्मी गल्ली. ठेचून टाका, असंही कुणी म्हणालं. कॉलेजच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत मी 28 वर्षं काढलीत. म्हटलं, थांबा, आधी तोंड बघू.

रंगावर अजिबात जाऊ नका. लाल पोटाचा पिरान्हा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा. पाकू त्याच्याच कुळातला, आपल्या बाजारात त्याला रूपचंद म्हणतात. लहानपणी त्याचंही पोट असंच तांबडं असतं.

मासा ओल्या फडक्यात घट्ट धरा आणि पेन्सिलीनं खालचा जबडा हळू दाबा. बोट घालायचं नाही, दोघांचाही चावा वाईट. पिरान्हाचा खालचा जबडा पुढं आलेला असतो. दात त्रिकोणी, पातळ, धारदार, वर-खाली एकेकच रांग. तोंड मिटलं की एकमेकांत बसतात आणि लचका कापून निघतो. रूपचंदचे दात बघून माणूस दचकतो, कारण ते थेट आपल्या दातांसारखे दिसतात: बोथट, रुंद, वरच्या जबड्यात दोन रांगा. अ‍ॅमेझॉनला पूर आला की रान पाण्याखाली जातं. तेव्हा पाकू झाडांखाली फिरून गळालेली फळं खातो, टणक बिया दाढांनी फोडतो. न फुटलेल्या बिया त्याच्या पोटातून लांब जाऊन रुजतात. मासा रान पेरतो, हे मुलांना सांगताना मला दरवेळी भरून येतं.

वजनही बघा. आठ-दहा किलोचा असेल तर पिरान्हा नव्हेच, तो साधारण फूटभरच वाढतो.

पिरान्हालाही राक्षस ठरवू नका. तो मासे, किडे खातो, झाडपालाही खातो. कळपानं राहतो ते मगरी, मोठे मासे, पक्षी यांच्यापासून जीव वाचवायला. नर-मादी पाणवनस्पतीत खळगा करून अंडी राखतात, तेव्हा जवळ जाणाऱ्याला चावतात. हातात धरला तर ढोलकीसारखा आवाजही काढतो. 1858 साली ऑस्ट्रियाचे प्राणिशास्त्रज्ञ क्नेर यांनी त्याचं वर्णन केलं आणि ब्राझीलमध्ये नमुने जमवणाऱ्या नाटेरर यांचं नाव त्याला दिलं.

रूपचंद कुणी पापलेट म्हणून देत असेल, तर पोटाखाली बघा. पापलेटला तिथं परांची जोडी नसते, रूपचंदला असते. शिवाय शेपटीआधी पाठीवर एक छोटा मांसल पर असतो.

बादलीतल्या माशाला दाढा निघाल्या. पोरगा म्हणाला, मग सोडू का परत नदीत? नाही. परका मासा कृष्णेत सोडायचा नाही, घरच्या काचेच्या टाकीतलाही नाही. शेततळ्यातले पुरात निसटतात तेवढं पुरे आहे. त्याच्या आईनं हळद-मीठ लावून तळला. जबडा मी मागून घेतला, उकळून, मांस काढून, उन्हात वाळवला. आता काडेपेटीत आहे. पोरं येतात, दाढांवरनं बोट फिरवून बघतात.